माळ्यावरच्या चार वह्या आणि बंद पडलेला बनियनचा कारखाना

तुम्ही विचारलंत ते असं: आजोबांनी १९३८ साली शनिवार पेठेतल्या वाड्यात मोजे विणायला सुरुवात केली. पुढे बनियनचा कारखाना झाला आणि १९९४ साली तो बंद पडला. आता वाडा पाडायला निघालाय. माळा आवरताना चार वह्या, सुयांचा एक पत्र्याचा डबा आणि आतून पोकळ, बाहेरून उभ्या खाचा असलेलं एक लोखंडी नळकांडं सापडलं. घरच्यांसाठी कारखान्याचा इतिहास लिहायचा आहे, पण घरात दोन कथा आहेत. थोरल्या घरातले म्हणतात, धाकट्या काकांनी कारखाना बुडवला. काकांच्या घरातले म्हणतात, तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या स्वस्त मालापुढे कोणीच टिकलं नसतं. यातली खरी कोणती, आणि वह्यांतले आकडे वाचायचे कसे?

आमचा कारखाना तुमच्यापासून चालत पाच मिनिटांवर, नारायण पेठेत होता. आधी आजोबांचा, मग वडिलांचा, मग तीस वर्षं माझा. तो बंदही मीच केला. तुम्ही पाठवलेले पानांचे फोटो मी तीनदा वाचले. माझं मत आधीच सांगून टाकतो: दोन्ही कथा अपुऱ्या आहेत, आणि काकांवरचा आरोप तर तुमच्याच वह्या खोडून काढतात.

सुरुवात त्या नळकांड्यापासून करू. ते हाताने फिरवायच्या मोज्यांच्या मशीनचं सिलिंडर आहे. प्रत्येक खाचेत एक सुई उभी राहते. सुईला वर आकडा आणि त्या आकड्याखाली उघड-मीट करणारी बारीक जीभ. सुई वर गेली की जीभ उघडते, आकडा सूत पकडतो. खाली आली की जीभ मिटते आणि जुना टाका तिच्यावरून निसटून नव्या टाक्याच्या खाली जातो. बस्स, सगळी होजिअरी, म्हणजे विणलेल्या मोजे-बनियनचा धंदा, एवढ्यावर उभी आहे. विणायचं पहिलं यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ साली केलं होतं, पण ही जिभेची सुई तिथेच एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आली आणि तिच्यामुळे मशीन इतकं सोपं झालं की ते घरात टेबलाला आवळून चालवता येऊ लागलं. आपल्याकडे कारखान्यातली होजिअरी कोलकात्यात खिदिरपूरला १८९३ साली सुरू झाली असं धंद्यातले लोक मानतात. तिरुपूरचा पहिला कारखाना १९२५ चा. म्हणजे तुमच्या आजोबांनी हँडल हातात घेतलं तेव्हा तिरुपूरही अजून लहानच होतं.

शब्दांचं एक सांगतो, कारण वहीत ‘गंजीफ्राक’ हा शब्द दिसतो आणि तुम्ही तो कंसात प्रश्नचिन्ह घालून लिहिलाय. तो चुकीचा नाही. इंग्लिश खाडीत गर्न्सी नावाचं बेट आहे, तिथल्या खलाशांचा विणलेला सदरा म्हणजे गर्न्सी फ्रॉक. त्याचं आपण गंजीफ्रॉक केलं. बनियन हा शब्द आपल्याच वाण्यांवरून, बनियांवरून, परक्यांच्या तोंडी जाऊन परत आला. आणि होजिअरी म्हणजे मुळात पायातले मोजे. बनियन त्यात नंतर आली. तुमच्या घरातही तोच क्रम आहे.

हातमशीनवर मोज्याची नळी कोणीही विणेल. कसब टाचेत आहे. टाच करताना अर्ध्या सुया वर उचलून कामातून काढायच्या, हँडल गोल न फिरवता मागेपुढे हलवायचं, प्रत्येक फेरीला आणखी एक सुई उचलायची. मग त्याच क्रमाने एकेक सुई परत कामाला लावायची. खाली वजन टांगलेलं असतं, ते दर थोड्या वेळाने वर सरकवावं लागतं, नाहीतर टाके ढिले पडतात. माझी आजी हे करताना तोंडाने आकडे मोजायची आणि मध्ये कोणी हाक मारली तर उत्तर द्यायची नाही. मोजा मशीनवरून उतरला की बोटांकडचं तोंड उघडं असतं. ते टाक्याला टाका गुंफून हाताने बंद करायचं. शिवण नीट बसली नाही तर बुटात बोटाला टोचते. तुमच्या पहिल्या वहीत मागच्या बाजूला ‘पंजे’ असं लिहून खाली अक्षरं आणि डझन आहेत: ‘ल. ४’, ‘स. ३’, ‘आ. ६’. ती माणसं आहेत. त्यांच्यापुढे मजुरीचा आकडा कुठेच नाही, हे लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत येऊ.

१९४३ नंतरच्या पानांवर सुताच्या नोंदीआधी ‘प.’ आहे, तो परमिटचा. त्या वर्षी सूत आणि कापडावर सरकारी नियंत्रण आलं. लढाईमुळे मोज्यांना आणि बनियनला मागणी भरपूर होती, पुणे-खडकीला लष्कर होतं, पण सूत मोजून मिळायचं. ‘३४ नं.’ म्हणजे सुताचा नंबर. ८४० यार्डांची एक लडी. एका पौंडात जितक्या लड्या भरतील तितका नंबर. ३४ नंबरच्या एका पौंडात २८,५६० यार्ड सूत. नंबर वाढला की सूत बारीक. होजिअरीचं सूत विणमागाच्या सुतापेक्षा कमी पिळाचं लागतं. पिळाचं सूत घातलं तर बनियन कडक होते आणि कापड तिरकं फिरतं, बाजूची रेघ पोटावर येते. परमिटच्या दिवसांत मिळेल ते सूत घ्यावं लागलं, म्हणून तुमच्या आजोबांनी एके ठिकाणी समासात ‘पीळ जास्त, माल फिरला’ असं लिहिलंय. अशी ओळ सापडली की ती इतिहासात जशीच्या तशी घ्या.

१९५२ च्या पानावर ‘१८ डाया २४ गेज, जुने’ आहे. हा कारखान्याचा खरा जन्म. डाया म्हणजे सिलिंडरचा व्यास इंचांत, गेज म्हणजे इंचाला सुया. अठरा इंच व्यासाचा घेर साडेछप्पन्न इंच, त्याला चोवीसने गुणलं की साडेतेराशे सुया झाल्या. विजेवर चालणारं गोल मशीन, सेकंडहँड घेतलेलं. त्यातून कापडाची अखंड नळी खाली उतरते, म्हणून जुन्या बनियनला बाजूला शिवण नसते. एका डायाच्या मशीनवर साधारण एकाच मापाची छाती निघते. म्हणून ज्याच्याकडे एकच मशीन, त्याच्याकडे एकच माप. तुमच्याकडे १९५७ पर्यंत फक्त ३४-३६ ची विक्री दिसते, ती गिऱ्हाईक तसं होतं म्हणून नाही. पुढे ८०, ८५, ९० असे आकडे येतात. ते सेंटिमीटर आहेत, दशमान पद्धत आल्यानंतरचे. बत्तीस इंचाचे ऐंशी, छत्तीसचे नव्वद.

साडेतेराशे सुयांपैकी एकीची जीभ मोडली तरी कापडात वरपासून खालपर्यंत उभी रेघ पडते. मशीनवरचा माणूस ते डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखतो. आमच्याकडचे एक जुने कारागीर दाराकडे पाठ करून चहा पीत असायचे आणि मध्येच उठून मशीन बंद करायचे. सुई गेलेली असायचीच. तुमच्या डब्यातल्या सुया मोडक्या आहेत की चांगल्या ते बघा. मोडक्या असतील तर कोणीतरी त्या मोजून ठेवत होतं. सुया बाहेरून यायच्या, महाग होत्या, आणि आमच्याकडेही मोडकी सुई दिल्याशिवाय नवी मिळायची नाही.

आता १२ जुलै १९६१. तुमच्या तिसऱ्या वहीची पहिली अकरा पानं चिकटलेली आहेत आणि शाई पसरलेली आहे असं तुम्ही लिहिलंय. ते पानशेतचं पाणी आहे. धरण फुटलं, खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमच्याकडे मशीन तळमजल्यावर होतं. वडील सांगायचे, पाणी ओसरल्यावर मशीन दिसत नव्हतं, नुसता गाळाचा ढीग होता आणि त्याच्यावर सुताचे गुंते. गाळ नुसता पाण्याने धुऊन जात नाही. खाचेत बसलेला बारीक गाळ वाळला की सुई वर-खाली होत नाही, आणि दोन दिवसांत गंज धरतो. आम्ही सगळं मशीन सुटं केलं. परातींत, घंगाळांत, मिळेल त्या भांड्यात रॉकेल ओतून सुया बुडवल्या, आणि घरातली सगळी, मुलंसुद्धा, एकेक सुई फडक्याने पुसत बसली. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. माझ्या हातांना कितीतरी दिवस रॉकेलचा वास येत होता, कारखान्याची माझी पहिली आठवण तीच आहे.

पुरात वाहून गेलं त्यापेक्षा पुराच्या नंतर अडलं ते जास्त होतं. धरणं गेल्यामुळे शहराला नळाचं पाणी नव्हतं, आणि बनियनला धुलाईसाठी अतोनात पाणी लागतं. विणून उतरलेलं कापड पिवळट, मेणचट असतं. ते कॉस्टिक सोड्यात उकळायचं, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात मुरवायचं, मग धुवायचं, परत धुवायचं, क्लोरीन मारायला हायपो घालायचं, पुन्हा धुवायचं, शेवटी नीळ. तुमच्या वहीत जुलै ते ऑक्टोबर १९६१ विक्री जवळजवळ शून्य आहे आणि नोव्हेंबरपासून ‘धुलाई मुंबई’ असा खर्च सुरू होतो. म्हणजे आजोबांनी कोरा माल मुंबईला पाठवून धुऊन आणला. त्यात नफा उरला नसणार. पण दुकानदाराच्या फळीवरची जागा राखली. या धंद्यात फळी एकदा गेली की दुसरा बसतो. मला तुमच्या आजोबांची ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, मशीन घेण्यापेक्षा मोठी.

धुलाईबद्दल आमच्याकडची एक चूक सांगतो, कारण तुमच्या १९६८ च्या पानांवर ‘परत, विरली’ अशा सलग नोंदी आहेत आणि तुम्हाला ती फसवणूक वाटली. दिवाळीच्या आधी घाई होती. आमच्या लोकांनी शेवटचं धुणं एक वेळ कमी केलं. माल पांढराशुभ्र दिसत होता, पण सुतात क्लोरीन राहिलं. महिनाभरात बनियन खांद्यावर हात लावला तरी फाटू लागली. चाळीस डझन परत आले आणि वडिलांनी सगळ्यांना नवे दिले. तुमच्या आजोबांनीही ‘परत’च्या समोर ‘बदली दिली’ असं लिहिलंय. फसवणारा बदली देत नाही.

फसवणुकीची जागा दुसरीच होती, कॅलेंडर नावाचं इस्त्रीचं यंत्र. ओलसर कापड तापल्या रुळांतून इस्त्री करून काढताना लांबीला ओढता येतं. ओढलं की त्याच वजनात जास्त बनियन निघतात, आणि पहिल्या धुण्यात गिऱ्हाइकाची बनियन बेंबीपर्यंत वर येते आणि रुंदीला पसरते. किती ओढलं हे ओळखायचं असेल तर डझनाचं वजन बघा. तुमच्याकडे सत्तरच्या दशकात डझनाचं वजन कमी झालेलं दिसत नाही, १९८९ पर्यंत जवळपास तेच आहे. सुताचा भाव मात्र वाढत गेला. माणूस माप राखून होता, हे वजनांतून दिसतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. खतावणी, म्हणजे खात्यांची वही, उघडा आणि दुकानदारांची खाती एकाखाली एक मांडा. सूत रोखीत किंवा तीस दिवसांच्या मुदतीने यायचं, वेळेत पैसे दिले तर थोडा वटाव, म्हणजे सूट, उशीर झाला तर व्याज. माल मात्र उधारीवर जायचा. तोंडाने पंचेचाळीस दिवस ठरलेले, प्रत्यक्षात पैसे नव्वदला, कधी दिवाळीला. शाळेच्या मोज्यांचं तर आणखी वाईट. फेब्रुवारीत सूत घ्यायचं, मार्च-एप्रिल विणायचं, जूनला माल दुकानात, पैसे ऑक्टोबरनंतर. आठ महिने कारखानदार दुकानदाराला बिनव्याजी पैसे पुरवतो. धंदा वाढला की हे भोक वाढतं. तुमच्याकडे १९७८ ते १९८५ विक्री दुप्पट झाली आहे आणि त्याच वर्षांत सूतवाल्याला दिलेलं व्याज चौपट. घरात त्या काळाची आठवण ‘भरभराटीचे दिवस’ अशी असेल. वही तसं म्हणत नाही.

आणि आता ते ‘पंजे’.

तुम्ही चौथ्या वहीबद्दल लिहिलंत की ती बारीक आहे, अक्षर वेगळं आहे, ‘बहुधा बिनमहत्त्वाची’. माझ्या दृष्टीने चारही वह्यांत तीच सगळ्यात मोलाची. ते आजीचं अक्षर असावं. त्यात रोजचं घरकाम आहे: गळ्याला पट्टी किती डझन, धागे कातरणं किती, घड्या, लेबलं, डझनाचं पाकीट बांधणं. सगळ्यांपुढे नुसती अक्षरं, दर नाही. दुसरीकडे, मोठ्या वहीतल्या हजेरीत कायम नऊच नावं. याचं कारण १९४८ चा कारखाना कायदा: वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा माणसं झाली की तो लागू व्हायचा. बाहेरची माणसं नऊ, आणि घरातले सात-आठ हात कुठल्याच हजेरीत नाहीत. आमच्याकडेही हेच होतं. माझी आई सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत ओव्हरलॉकच्या शिलाई मशीनवर बसायची आणि माझ्या वडिलांच्या एकाही वहीत तिचं नाव नाही. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं.

त्या घरच्या हातांना मिळायचं काय, तर चिंधी. गळा आणि बाह्या कापताना जे तुकडे पडतात ते वजनावर गॅरेजवाले, छापखानेवाले मशीन पुसायला घेतात. आमच्याकडे चिंधीचे पैसे घरात जायचे, आईच्या डब्यात. आजीच्या वहीतही शेवटच्या पानांवर ‘चिंधी’ आहे ना? पाच किलो, सात किलो. त्याच पैशांतून कोणाची फी, कोणाचं बाळंतपण झालं असेल. तो हिशेब कारखान्याच्या इतिहासात यायलाच हवा.

आता तारखा जोडा. आजीची वही १९७६ ला थांबते. मोठ्या वहीत १९७७ पासून ‘बाहेरून शिलाई’ हे खातं सुरू होतं, दर लिहून. १९८० पासून ‘बाहेरून घडी-पाकीट’. मी तुम्हाला विचारलं होतं की त्या सुमारास घरात कोण लग्न होऊन आलं, कोण नोकरीला लागलं, आणि तुम्ही कळवलंत: थोरली सून बँकेत, धाकटी शाळेत, आत्या टेलिफोनमध्ये. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, पुण्यातल्या शिकलेल्या मुलींना नोकऱ्या मिळाल्या. तिकडे मशीनवरची पोरं पिंपरी-चिंचवडला बजाज, टेल्कोत लागली. तिथे पगार महिन्याच्या महिन्याला, शिवाय फंड. जे काम आजवर फुकट किंवा कमी पैशांत होत होतं त्याला पहिल्यांदा बाजारभाव लागला. बनियनची खरी किंमत तेव्हा कळली, आणि ती विक्रीच्या भावापेक्षा फार कमी नव्हती.

मला कोणी विचारलं की असे घरगुती होजिअरी कारखाने का गेले, तर मी हेच सांगतो. ते चालत होते घरच्या बायकांच्या न मोजलेल्या कष्टांवर. त्या कष्टांना दुसरीकडे मोल मिळालं आणि कारखान्याचा हिशेब उघडा पडला. सुना नोकरीला गेल्या म्हणून कारखाना बुडाला, असं मात्र कृपा करून लिहू नका. त्यांच्या पगारावर घर चाललं, हे पुढच्याच पानांवर दिसतं.

तिरुपूरची गोष्ट अर्धी खरी आहे. तिथे कोइमतूरच्या गिरण्यांचं सूत हाकेच्या अंतरावर, विणणारा वेगळा, धुणारा वेगळा, शिवणारा वेगळा, आणि प्रत्येकाकडे पन्नास जणांचं काम. एका वाड्यात सगळं करणाऱ्याला तो भाव जमणारच नाही. पण तुमची वही बघा: १९८८ पासून ‘तिरुपूर, तयार कापड’ अशी खरेदी आहे, आणि विणायचं सूत कमी होत १९९० ला बंद. म्हणजे १९८८ पासून तुमचा कारखाना अधिकाधिक तिरुपूरच्या धुतलेल्या कापडावर चालला, आणि शेवटची चार वर्षं इथे फक्त कापून शिवलं. त्यांच्या स्वस्त कापडाने तुमचं मशीन थांबवलं, पण तुमची शिलाई सहा वर्षं जगवली.

खरी चढाओढ नावाची होती. होजिअरी बरीच वर्षं लघुउद्योगांसाठी राखीव होती, पण छोट्या कारखान्यांकडून माल करून घेऊन एका नावाखाली विकायला काहीच आडकाठी नव्हती. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. मुंबईचं व्हीआयपी, कोलकात्याचे लक्स आणि रूपा गिऱ्हाइकाच्या तोंडी बसले. त्याआधी गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणायचं, ‘चांगली बनियन द्या.’ चांगली कोणती ते दुकानदार ठरवायचा, आणि दुकानदार आपल्याला ओळखत होता. नंतर गिऱ्हाईक नाव घेऊन मागू लागलं. लक्स, रूपा हीसुद्धा कुटुंबांनीच उभी केलेली कामं आहेत, १९५७ आणि १९६८ ची. तेव्हा ‘घरचा धंदा म्हणून टिकला नाही’ असंही म्हणता येत नाही. त्यांनी पैसा नावात घातला, आपण तो उधारीत घातला. आमच्याकडे जाहिरातीचं खातंच नव्हतं, तुमच्याकडेही नाही.

उरले काका. १९८७ नंतरची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, त्यांच्या अक्षरात आहे, म्हणून सगळा दोष त्यांच्याकडे गेला असावा. बुडवणाऱ्याची वही कशी दिसते हे मला ठाऊक आहे: घरखर्चाचे आकडे फुगतात, उचल वाढते, आणि तेरीज, म्हणजे जमाखर्चाची बेरीज, जुळत नाही. काकांच्या वहीत १९९० पासून घरखर्च नावे, म्हणजे खर्चाच्या बाजूला, पडलेलाच नाही. उलट जमेच्या बाजूला ‘घरून’ असे आकडे आहेत, दोनशे, पाचशे, एकदा तीन हजार. कारखान्यातून घरी पैसे जात नव्हते, घरातून कारखान्यात येत होते. बहुधा काकूंच्या पगारातून. शेवटच्या वर्षी सूतवाल्यांची आणि कापडवाल्यांची सगळी खाती फिटलेली आहेत, कामगारांच्या नावापुढे ‘हिशेब पुरा’ आहे, आणि येणं मात्र बावीस दुकानदारांकडे तसंच राहिलंय. त्यांनी देणं सगळं दिलं आणि येणं सोडून दिलं. मी माझा कारखाना बंद केला तेव्हा मला हे इतकं स्वच्छ जमलं नव्हतं. काका हयात असतील तर त्यांना ही पानं दाखवा. आणि थोरल्या घरालाही दाखवा, पण आधी काकांना.

कारखान्यात एक चूक झाली असं मला वाटतं, आणि तीही लिहा: १९८२-८३ च्या सुमारास, विक्री चढती असताना, उधारी आवरून अर्धी दुकानं सोडायला हवी होती. पण तेव्हा वही आजोबांच्या हातात होती, काकांच्या नाही.

लिहायला बसण्याआधी आत्याकडे जा. ‘आ. ६’ म्हणजे तीच असेल, तर टाच कशी घालायची हे तिच्या हातांना अजून आठवत असेल. तिला विचारा पंजे जोडायला रात्री किती वाजायचे, आणि चिंधीचे पैसे कोण ठेवायचं. जमलं तर बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा.

वह्यांची चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, शाई निघून येईल. कागद जपणाऱ्या जाणकाराकडे न्या. सुया पाण्याने धुऊ नका, शिवणयंत्राच्या तेलात बुडवून ठेवा. सिलिंडर रॉकेलने पुसून घ्या आणि त्याच्या खाचा मोजा. त्या ७२ भरल्या, ८४ भरल्या की वेगळ्याच निघाल्या, तेवढं मला कळवा. १९३८ साली वाड्यातून निघालेला पहिला मोजा जाड सुताचा होता की बारीक, हे मग सांगता येईल.